पाणघोडा आणि माझी पाहणी

४ मार्च
सिलोलो गावात अंत्यविधी. नावाडी मुयुंडा गेला. पाणघोड्यानं होडी उलटवली. प्रांताचा मंत्री म्हणून बोलणं भाग होतं. जाहीर केलं, "मी स्वतः होडीतून पाहणी करीन, मगच त्याला मारायला बंदूकवाले पाठवीन." परिणाम जबरदस्त. 'स्वतः' म्हणायला नको होतं.

७ मार्च
पाहणी पुढच्या आठवड्यात नक्की. घाबरलेलो अजिबात नाही. विम्याचे कागद काढून वाचले, ते सहज.

१३ मार्च
मुयुंडाची विधवा बो इनोंगे माझ्या मोंगूच्या ऑफिसात आली. इथल्या रीतीनं मानानं 'बाबा' म्हणत म्हणाली, "न्दाते, शाळा पलीकडच्या काठावर. पोरं घरी बसलीत. पाहणीला येणार कधी?"
म्हटलं, फोटोग्राफर मिळत नाही.
"पाणघोड्याला फोटो नकोय," म्हणाली. बाई दुःखात आहे, म्हणून सोडून दिलं.

२४ मार्च
होडीपर्यंत गेलो. एक पाय आतसुद्धा टाकला. काठावरची म्हातारी म्हणाली, "सकाळी इथंच होता मेला." तेवढ्यात लुसाकाहून फोन यायचा असल्याचं आठवलं. परत फिरलो. फोन आला नाही, पण आला असता तर?

२ एप्रिल
बायको म्हणते, "अहो, भीती वाटते असं सरळ सांगा ना. लोक समजून घेतील."
मंत्र्याला भीती! मोठ्यांदा हसलो. कपातला चहा सांडला. कप फार भरला होता.

९ एप्रिल
गेलो! वल्हवायला कुणी तयार होईना, म्हणून बो इनोंगेच बसली. मध्यावर पाण्यातून दोन कान वर आले. परिस्थितीचा आढावा घ्यायला मी उभा राहिलो. ती ओरडत होती, "बसा, न्दाते! अहो, खाली बसा!" होडी उलटली. पाणघोडा बराच लांब होता, असं आता सगळे सांगतात. मी तिच्या गळ्याला मिठी मारली. तिला आधार म्हणून.
कॉलर धरून तिनं मला काठावर ओढलं. मग चिखलातच बसली. "त्याला नाही असं काठावर आणता आलं मला," म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडलो. कितीतरी वेळ.

१० एप्रिल
बंदूकवाल्यांच्या आदेशावर सही केली. हीच सही मार्चमध्ये खुर्चीत बसूनही करता आली असती, असं बायको म्हणाली. मग पाहणी कशी झाली असती?

१८ एप्रिल
पाणघोडा मारला. गावभर मांस वाटलं. पोरं शाळेत गेली. रेडिओवर माझं नाव, 'जिवावर उदार झालेले मंत्री'. आता लुसाकात मोठं खातं मिळणार. सूट शिवायला टाकला.

२ मे
पक्षाच्या ऑफिसातून फोन. या वेळची माझ्या मतदारसंघाची उमेदवारी बो इनोंगेला. "मंत्र्याला पाण्यातून ओढून काढणारी बाई, लोक डोक्यावर घेतील," म्हणाले. मी मोठ्या मनानं अभिनंदन केलं. खुर्ची घट्ट धरून.
पुढे म्हणाले, प्रचारप्रमुख तुम्हीच. नदीचा पूर अजून उतरलेला नाही, त्यामुळे सगळी गावं होडीनं. बाईंची एकच अट आहे: न्दातेंना पुढे बसवा, लोकांना दिसले पाहिजेत. आणि हो, वरच्या अंगाला आणखी दोन पाणघोडे आलेत, जरा जपून.
लाइन कट झाली. मीच केली.