वस्तादांचा कान

मंगळवार, संध्याकाळ

तालमीच्या भिंतीवर आमच्या वस्तादांचं बारा फुटी चित्र लागणार आहे. त्यासाठी त्यांचं डोकं कॉम्प्युटरवर थ्रीडीत घडवलं. एवढ्या मोठ्या छपाईत चित्राचे ठिपके दिसू नयेत म्हणून रेंडर, म्हणजे त्या डोक्याचं छपाईचं चित्र, तीनदा काढलं. नडला तो कान. कुस्त्या खेळून चुरगळलेला, गाठाळ. बारा फुटी चित्रात तो तसा दिसला तर लोक माझ्याच कामाला नावं ठेवतील, म्हणून मी तो गुळगुळीत केला.

आज नमुन्याला तेवढा कानच छापून नेला. वस्ताद चिडले नाहीत. आपला कान चाचपत म्हणाले, "लई देखणा हाय. पण ह्यो मातीत कधी उतरलाच न्हाय की."

मला भीती कुणाची होती? उद्या लॅपटॉप तालमीतच नेतो. कान त्यांच्यासमोर बसून घडवायचा, एकेक गाठ त्यांना विचारून.