पायांपासून सुरुवात

बाबा, आज एक बाई माझ्या टेबलावरून उठल्या, आरशापुढे उभ्या राहिल्या आणि ओरडल्याच, "मॅडम, मैं लंबी हो गई क्या?" कॉम्प्युटरपुढे बसून बसून खांदे पार पुढे आले होते त्यांचे. इतकी वर्षं झाली, तरी कुणाची मान अशी मोकळी झाली की मला नाचावंसं वाटतं! आणि सांगावंसं वाटतं ते तुम्हालाच.

तुम्हाला हे काम मुळीच पसंत नव्हतं. दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवण झाल्यावर तुम्ही म्हणाला होतात, "फिजिओथेरपी शिकलीस ती मालिश करायला?" मी चिडून तुमच्यापुढे संत्रं सोललं. म्हटलं, "फोडीवरची ही पातळ साल बघा. असंच आवरण आपल्या स्नायूंवर असतं, तळव्यापासून डोक्यापर्यंत सलग. ते आखडलं की अंग वाकतं. मी ते हातांनी सावकाश सैल करते." तुम्ही "अच्छा" म्हणालात आणि संत्रं खाऊन टाकलंत.

मग मी गुडगावात खोली भाड्याने घेतली. आजूबाजूला नवे टॉवर, निम्मे रिकामे, आणि दारातून सतत आत येणारी धूळ. पहिल्या दिवशी तुम्ही आलात खरे, पण कोपऱ्यात पेपर उघडून बसलात. पहिले पेशंट समोरच्या इमारतीतले पंजाबी आजोबा, कमरेतून वाकलेले. मी त्यांना टेबलावर बसवते, सांगते, "अंकलजी, पैरों से शुरू करेंगे." ते झटकन पाय आखडून घेतात. "ना बेटा, बेटियों से पैर नहीं छुआते. पाप लगता है." मी समजावते, विनवते. ते खाली उतरून चपला शोधायला लागतात. मी दिल्लीतच जन्मलेली, पण घरात दर दिवाळीला मोठ्यांच्या पाया पडत आलेली; हे असं काही होईल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पहिलंच माणूस परत चाललं होतं, तेही तुमच्यादेखत!

तेवढ्यात तुम्ही पेपरची घडी घालता. बूट काढता, मोजे बुटात खुपसता आणि सरळ टेबलावर आडवे होता. "भाईसाहब, हम मराठी लोगों में बेटियाँ पैर छूती हैं. आप देखिए तो." आणि मला मराठीत, "चल, कर सुरू. नीट कर."

मी टाचेपाशी अंगठा टेकवला आणि थांबले. घाई करायची नसते, आवरण आपणहून सैलावू द्यायचं असतं. तळवा हळूहळू मऊ झाला, मग पोटरी. आजोबा वाकून बघत होते. तुम्ही उतरून खोलीभर चालून आलात आणि त्यांना म्हणालात, "भाईसाहब, ये मालिश नहीं है. बिल्कुल नहीं." बाबा, हे तुमच्या तोंडून! मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. आजोबांनी आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मगच पाय पुढे केले.

हा कागद कुठेच जायचा नाही, म्हणून सांगून टाकते. त्या दिवशी "बाबा, तुमचा उजवा पाय फार आखडलाय" म्हणून मी तो कितीतरी वेळ धरून बसले होते. तो केव्हाच मोकळा झाला होता, बाबा. मलाच सोडवत नव्हता.