उरलेली माती

शनिवार, संध्याकाळ.

दोनदा हात धुतले, तरी नखांतली काळी माती निघत नाही.

आज विकत घ्यायची म्हणून निपाणीजवळची एक जागा आणि तिच्यावरचं जुनं घर पाहिलं. विकणारे आप्पा, माझ्या आक्काचे सासरे. जागा शुभ आहे का बघायला त्यांनी जुन्या रीतीनं परसात खड्डा खणला आणि तीच माती त्यात परत भरली. बरीच उरली; मी थोडी बोटांत चोळून पाहिली. "बघा, माती उरली! घर भरणार," म्हणत त्यांनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला.

काळी माती खणली की फुगतेच. उरेल नाहीतर काय? मागच्या खोलीत कपाटाआड भिंत तडकली आहे, माझं बोट आत गेलं. पावसाळ्यात ही माती फुगणार, उन्हाळ्यात आकसणार, भिंती फाटत राहणार. हे तिथंच का बोललो नाही? तोवर गूळ तोंडात होता. गूळ खाल्ला म्हणजे शब्द दिला.

स्वयंपाकघरात जाऊन आक्काला हळूच म्हणालो, "दुसरीकडं बघू का?"

"गूळ खाऊन मागं फिरतोस व्हय रं? तू जाशील बेळगावला. रोज ऐकायचं कुणी, मीच न्हवं?"

बाहेर आलो. आप्पांना म्हणालो, माती चांगली आहे.

मातीनं माखलेले हात पाठीमागे धरले होते.