रिकाम्या खोलीचा आवाज

३ नोव्हेंबर

आले एकदाची! खोके अजून दोरीतच आहेत, पण खिडकीजवळ खुर्ची ओढून आधी हे लिहायला बसले. नवं घर, नवी वही, आणि या वयात नवा उद्योग. लेक फोनवर म्हणाली, आई, निवृत्त झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात, तू चॅनल काढतेस! मी म्हटलं, गुडघे धरूनच काढते आहे.

जागा म्हणजे दोन खोल्या आणि मोरीएवढं स्वयंपाकघर, तिसऱ्या मजल्यावर. त्यातली उत्तरेची खोली पाहिली आणि मी होकार देऊन टाकला. ऊन थेट येत नाही, पण उजेड दिवसभर सारखा, दुधावरच्या सायीसारखा. हातांचं चित्रीकरण करायला याहून चांगलं काय हवं? शिवाय रस्ता पलीकडच्या अंगाला असल्यामुळे ही खोली फार शांत. घरमालकीण किल्ली देताना म्हणाल्या, आधीचे भाडेकरू हिचा वापर सामान ठेवायलाच करायचे, त्यांना म्हणे इथे करमत नसे. मला करमेल. ह्यांच्यानंतर त्या मोठ्या घरात प्रत्येक खुर्ची ह्यांची होती. इथे खुर्ची नुसती खुर्ची आहे.

७ नोव्हेंबर

पहिला व्हिडिओ झाला. विषय: मोज्याच्या टाचेला रफू.

आमचा स्टुडिओ बघून कुणीही हसेल. दोन स्टुलांवर पोळपाटाएवढी फळी, फळीला सुताराकडून पाडून घेतलेलं भोक, त्यातून खाली बघणारा फोन. खाली माझे हात. सावली पडू नये म्हणून फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोल डाव्या अंगाला उभा. आवाज मात्र नंतर भरायचा, तोही कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून, कारण तिथे घुमत नाही. रजया आणि स्वेटरांना मी रफू शिकवते, असं म्हणायला हरकत नाही. कापाकापी करायचं अ‍ॅप फुकटातलं आहे, कोपऱ्यात त्यांचं चिन्ह लुकलुकतं. लुकलुकू दे.

शिकवताना शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर फार आठवल्या. रफू झालं की त्या डोळे मिटून तो मोजा गालावरून फिरवायच्या. गालाला टाका लागला की उसवा. आम्ही मुली रडायचो. आज माझ्याच गालावरून मोजा फिरवला आणि डोळ्यांत पाणी आलं. टाका लागला नाही.

११ नोव्हेंबर

लेकीने व्हिडिओ पाहिला आणि हसत सुटली. आई, तू मध्येमध्ये मरतेस का गं, म्हणाली. झालं असं की मी माझे खोकले आणि 'म्हणजे, म्हणजे' कापून टाकले होते, आणि तिथे आवाजात खड्डे पडले होते. बोलणं थांबलं की एकदम काहीच नाही. विहिरीत पडल्यासारखं.

खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, आयुष्यभर लग्नांचं शूटिंग केलेले. सगळी इमारत त्यांना शूटिंगवाले म्हणते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, बाई, शांतता म्हणजे आवाज नसणं नव्हे. प्रत्येक खोलीचा आपला एक आवाज असतो. तो थोडा टेपून, म्हणजे रेकॉर्ड करून घ्यायचा आणि तुमच्या बोलण्याखाली अंथरायचा, सतरंजीसारखा. मग खड्डे कळत नाहीत.

किती सोपं! उत्तरेच्या खोलीत फोन चालू करून ठेवला. मी आत थांबले तर माझे गुडघे वाजणार आणि मी गुणगुणणार, म्हणून दार ओढून घेतलं आणि खाली दूध आणायला गेले. परत आले तेव्हा खोलीची शांतता फोनमध्ये तयार. आता तीच प्रत्येक व्हिडिओखाली घालते. एकदाच शिजवलं आणि रोज वाढलं.

१९ नोव्हेंबर

लोक बघताहेत! खरोखरची माणसं, कुठकुठली. कुणी लिहितं, तुमचा आवाज ऐकून आईची आठवण आली. बटणाचं काज कसं करायचं या व्हिडिओखाली एका आजोबांनी स्वतः केलेल्या काजाचा फोटो टाकला. काज वेडंवाकडं, पण आजोबांचा अभिमान बघण्यासारखा.

आणि सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे टिल्ली. माझी नात अजून शाळेतही जात नाही. आठवड्यातून एकदा फोनवर दिसते तेव्हा लाजून आईमागे लपते. लांबच्या गावची आजी, बिचारीने ओळखायचं तरी कसं? पण लेक सांगते, आता दुपारी झोपवताना हिला आजीचा व्हिडिओच लागतो. उशाशी फोन ठेवायचा, की पाचव्या टाक्याला डोळे मिटतात. लेकीने सगळे व्हिडिओ उतरवूनच घेतले आहेत, नेट गेलं तरी अडू नये म्हणून. ऐकलं आणि दिवसभर काम सुचलं नाही. एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. मी तिच्या उशाशी आहे.

२६ नोव्हेंबर

आज खोलीत मन लागलं नाही. उजेड तोच, पण खोली चपटी वाटली, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. सुई दोनदा खाली पडली.

काही प्रतिक्रिया विचित्र येऊ लागल्या आहेत. एका बाईंनी विचारलं, तुमच्यासोबत आणखी कोण असतं? मी लिहिलं, कुणी नाही, मी एकटी. त्यांनी उलट लिहिलं, मग तुम्ही गप्प झाल्यावर श्वास कोण घेतं? दुसऱ्या कुणाचं मांजर व्हिडिओ लावला की खोलीतून निघून जातं. त्यावर लोकांनी हसरे चेहरे टाकले आहेत. मीही एक टाकला.

मग दुपारी ती नुसती शांतता कानाला लावून ऐकली. माझ्या इयरफोनची एकच बाजू चालते. आधी काही नाही. पंख्याचीही घरघर नाही. मग, लांबून, एक सावकाश श्वास. दोरा लांब ओढताना माणूस घेतो तसा. मी त्या वेळी दूध आणायला गेले होते.

पाईप असतील. जुनी इमारत आहे.

२९ नोव्हेंबर

लेकीचा फोन. आधी हसत होती, मग हसू आवरलं. टिल्ली झोपताना कुणाशी तरी बोलते. विचारलं की सांगते, आजीच्या व्हिडिओतली मावशी. मावशी पलंगावर बसते आणि शिवते. लेक म्हणाली, मुलं असं काहीबाही रचतात गं.

पण आज सकाळी टिल्लीला फ्रॉक घालायला घेतला, तर हात बाहेर येईना. दोन्ही बाह्यांची तोंडं शिवलेली. लेक म्हणाली, आई, टाका दिसतसुद्धा नाही! तूच मागच्या भेटीत काही गंमत करून ठेवलीस ना?

मी मागच्या भेटीत त्या फ्रॉकला हातही लावला नव्हता. आणि लेकीला सुईत दोरा ओवता येत नाही.

तिला सांगितलं, व्हिडिओ लावू नकोस. ती म्हणाली, अगं, मग ती झोपत नाही, घर डोक्यावर घेते. आणि त्यात आहे काय, तूच तर आहेस.

२ डिसेंबर

शूटिंगवाल्यांकडे गेले. चहा पुढे आला. आधी थट्टा केली त्यांनी, म्हणे बाई, लोकांचे व्हिडिओ भुताखेतांशिवाय चालत नाहीत, तुमच्याकडे ते फुकटात आलं. मी सगळं सांगितलं. खोलीचा आवाज कसा टेपला तेही.

त्यांचा कप अर्ध्यात थांबला. विचारलं, तुम्ही आत नव्हता?

ते म्हणाले, मी कधी खोली रिकामी ठेवून टेपत नाही. दिवे घालवले, पाहुणे गेले, तरी आपण स्वतः मध्यभागी उभं राहायचं, हलायचं नाही, मग टेपायचं. म्हणजे ती शांतता आपली असते. त्यांच्या गुरूंनी त्यांना हेच पहिल्या दिवशी बजावलं होतं. आपण नसताना खोलीत कोण असतं हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि जे ठाऊक नाही ते उचलून लोकांच्या घरात नेऊन सोडायचं नाही. मला सांगायचं त्यांना सुचलं नाही. कारण खोली टेपायला ठेवून कुणी दूध आणायला जातं, असं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

मी हसले नाही. तेही नाही.

आल्यावर सगळे व्हिडिओ काढून टाकले. रफू, काज, उसवलेली शिवण, सगळे. आजोबांच्या काजाचा फोटोही गेला.

पण लेकीच्या फोनवर आहेत.

३ डिसेंबर

भांडण झालं. लेक म्हणाली, वेडेपणा करू नकोस आई, एकटी राहून तुझ्या डोक्यात काहीतरी भरलंय. मी रडले, ओरडले. शेवटी म्हणाली, बरं, पुसते.

पुसले असावेत. फोन ठेवल्यावर उत्तरेच्या खोलीत जाऊन उभी राहिले. आता ती चपटी वाटत नव्हती. उलट —

कुणीतरी लहानसं दाराआड लपून बसल्यासारखी.

४ डिसेंबर

टिल्ली आज बोलली नाही. रडलीही नाही. व्हिडिओ मागितला नाही. लेक म्हणते, बघ, एका दिवसात सवय सुटली, किती शहाणी झाली. शांत बसते एका जागी.

टिल्ली एका जागी बसत नाही. कधीच नाही.

खोली टेपून पाहिली. या वेळी मध्यभागी उभी राहून. हलले नाही. मग ऐकलं. माझा श्वास. त्याच्या आत, खाली, कुणीतरी बोटं चोखत होतं. चुक् चुक्. झोपलेलं मूल चोखतं तसं.

लेकीला फोन करून उगाच इकडचं तिकडचं बोलले आणि विचारलं, टिल्ली झोपताना अजून बोटं चोखते का. ती म्हणाली, अगं, गंमत म्हणजे कालपासून तेही बंद आहे.

५ डिसेंबर

टिल्ली आता उठवलं तरी उठत नाही. श्वास चालू, अंग गरम, पापण्या मिटलेल्या. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, सगळं ठीक आहे, गाढ झोप आहे, वाट बघा. लेक मला म्हणाली, तू ये. आता थट्टा नाही तिच्या आवाजात.

उद्याच्या गाडीचं तिकीट मिळालं. पिशवी भरली. ती दाराशी ठेवायला गेले आणि —

ती इथे आहे. चुक् चुक् आता इयरफोनशिवाय ऐकू येतं. कपाट आणि खिडकीच्या मधल्या कोपऱ्यात.

मी गेले तर खोली रिकामी होईल. तिला एकटीला इथे कशी सोडू?

६ डिसेंबर

गाडी गेली. मी गेले नाही.

लेक म्हणाली, कसली आजी आहेस तू. फोन ठेवला.

बोलत बसते कोपऱ्याशी. ती लाजते. जवळ येत नाही. ओळखणार कशी, मी लांबची — फोनमधली —

स्वेटर अंथरून ठेवला तिथे जमिनीवर. नंतर पाहिला तर ऊबदार होता.

७ डिसेंबर, दुपार

लेकीने पुन्हा फोन केला. रडत होती. मी म्हटलं, एक ऐक माझं, मग मला काय हवं ते म्हण. फोन टिल्लीच्या उशाशी ठेव. चालूच राहू दे.

टिल्ली ज्या वाटेने इकडे आली त्याच वाटेने, फोनमधून, परत जाईल. शूटिंगवाल्यांनाही तसंच वाटतं. ते जिन्यात थांबले आहेत. आत येऊ का विचारलं. नको म्हटलं, टिल्ली बुजेल.

लिहिते आहे कारण हातांना काहीतरी हवं.

फोनमध्ये म्हटलं, जी कुणी आहेस ती, परत ये बाई. खोली तुझी. मी उद्या सामान घेऊन जाते. कुणी तुला उचलून नेणार नाही. माझं लेकरू तेवढं दे.

काही नाही.

पुन्हा म्हटलं.

तिकडे पलंग वाजला. लेक किंचाळली — नाही, आनंदाने! टिल्लीने डोळे उघडले. उठून बसली. देवा. पाणी मागितलं. लेक हसते आहे, रडते आहे, म्हणते, आई, बोलतेय गं, किती स्पष्ट बोलतेय बघ, अशी कधी बोलली नव्हती! मी खाली बसले. देवा, देवा.

शूटिंगवाल्यांना हाक मारली. उठली म्हटलं —

लेक म्हणते, गंमत बघ, उठल्या उठल्या सुईदोरा मागतेय. तुझ्यावरच गेली —

माझी बाही कुणीतरी ओढली.

मागून. हळूच. लाजत.

आजी, आई कुठे गेली?

वळले नाही. वळवत नाही. इतका ओळखीचा आवाज —

लेक म्हणते आहे, थांब, ठेवू नकोस, हिला तुझ्याशी बोलायचंय, हिच्या हातात फोन देते —