समाप्ती आणि बाबांचा मिस्ड कॉल

४ मार्च, बुधवार
धाकट्या बहिणीने फोन कंपनीचं पत्र फोटो काढून पाठवलं. एकतीस तारखेला जुन्या नेटवर्कची सेवा समाप्त. बाबांचा बटणांचा फोन त्यावरच चालतो. धाकटी दूरच्या शहरात, मी बाबांपासून दोन बसस्टॉपवर, म्हणून नवा फोन आणि नवा करार माझ्याकडे. शिवाय घरातला जाणकार मीच. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी सातला मला मिस्ड कॉल देतात. एक रिंग, की कट. म्हणजे उठलो, ठीक आहे. मी उचलायचा नसतो. सोयीची पद्धत आहे.
संकल्प: शनिवारी दुकानात जाणे.

७ मार्च, शनिवार
आधी करार वाचला. एकोणीस पानं. न वाचता सही करणाऱ्यांतला मी नव्हे. कलम अकरा संशयास्पद, म्हणून मोबाइलवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर टाकलं. टॉवरमॅन नावाच्या दीडशहाण्याने लगेच नाक खुपसलं. त्याला उत्तर देईपर्यंत दुकान बंद झालं.

१२ मार्च, गुरुवार
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तीन शब्दकोश पाहिले. कंपनीच्या पत्रातली ‘समाप्ती’ म्हणजे एकदम बंद, असं एकही ठामपणे म्हणत नाही. जगभरचा ट्रेंडही हेच सांगतो, नेटवर्क असं रातोरात जात नाही. टॉवरमॅनचे दात घशात घातले. साहेब मागे उभे होते. त्यांनी आवक रजिस्टर कधी पूर्ण होणार, एवढंच विचारलं. तंत्रज्ञानात रस नाही माणसाला.

२१ मार्च, शनिवार
फोरमवर मतदान घेतलं. नेटवर्क बंद होणार नाही: एक्केचाळीस. होणार: नऊ. धाकटीचा फोन आला, तिला आकडे सांगितले. ती म्हणाली, “दादा, तू बरोबरच असशील. पण बाबांचा फोन तेवढा बदल.” लोकमताची किंमत नाही हिला.
आज गुडघा दुखतोय. पुढच्या शनिवारी नक्की.

२८ मार्च, शनिवार
टॉवरमॅनने मला अर्धवट म्हटलं. उत्तर देणं भाग होतं. दोन हजार शब्द झाले.

३१ मार्च, मंगळवार, सकाळी ११.४०
सातला बाबांचा मिस्ड कॉल आला! नेटवर्क ठणठणीत. विजयाची पोस्ट टाकली. टॉवरमॅन म्हणतो, दिवस अजून संपलेला नाही. पळवाटा.

१ एप्रिल, बुधवार
सातला मिस्ड कॉल नाही. बाबांना झोप लागली असेल, या वयात चांगलंच आहे. मी लावला, तर फोन बंद असल्याचं बाई सांगत होती. चार्जिंग विसरले. पावणेआठला अनोळखी नंबर. स्पॅम. लगेच कापला.

२ एप्रिल, गुरुवार
तोच नंबर, तीच वेळ, एकच रिंग. ही नवीन फसवणूक आहे. ब्लॉक केला आणि ‘एका रिंगवरून स्पॅम कसा ओळखावा’ अशी पोस्ट टाकली. एकशे बारा लाइक! टॉवरमॅन म्हणाला, नेटवर्क काल पहाटेच गेलं. मी पुरावा मागितला.
बाबांकडे शनिवारी चक्कर टाकणे.

३ एप्रिल, शुक्रवार, दुपारी
धाकटीचा फोन. बाबा सकाळी जिन्यात पडले. पायाचं हाड मोडलं. त्यांचा फोन परवापासून मुका होता, म्हणून ते तीन मजले उतरून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या फोनवरून मला मिस्ड कॉल द्यायला जात होते. आज निघाले आणि शेवटच्या जिन्यात पाय घसरला. औषधवाल्याने मला चारदा लावला, लागेना. शेवटी बाबांनी धाकटीचा नंबर दिला.
 धाकटीने हॉस्पिटलचा पत्ता सांगितला आणि ती रडली.

५ एप्रिल, रविवार
ऑपरेशन झालं. आता जिने चढता येणार नाहीत, म्हणून धाकटी त्यांना तिच्याकडे कायमचं नेणार आहे. नवा फोनही तिनेच आणला. करारावर सही करून मोकळी झाली, वाचलासुद्धा नाही.
ती औषधं आणायला गेली तेव्हा मी बाबांजवळ बसलो. नंबर माझ्या ओळखीचा नव्हता, असं मी समजावू लागलो. त्यांनी माझा हात थोपटला.
“पहिल्या दिवशी तू फोन कापलास ना, तेव्हा जिवात जीव आला. म्हटलं, उठलाय, बरा आहे. रोज मी सांगायचो, तुझं मला कधी कळायचंच नाही.”