सौंसर किती खाली

पांढुर्णा, शनिवार, १६ फेब्रुवारी १९८५

सुमीला सौंसरला सासरी पाठवून आज नऊ दिवस झाले. गंगा रोज दिवेलागणीला गच्चीवर जाऊन त्या दिशेला पाहत उभी राहते. आज न राहवून म्हणालो, "नाही दिसणार. पृथ्वी गोल, मधे जमीन वाकते." मी गणिताचा मास्तर. खडूनं तिथंच हिशेब मांडला. सरळ रेषेत तीस किलोमीटर धरले, तर सत्तर मीटर उतार.

"म्हणजे माही पोरगी सत्तर मीटर खाली राहून राहिली?"

कशाला सांगितलं, असं झालं मला.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आपन गच्चीवर उभे हावो, थे धरलं काय तुमी?"

नव्हतं धरलं. हीच चूक मी वर्गात पोरांना दाखवतो. पुन्हा मांडलं. गच्ची आणि माणसाची उंची मिळून सहा मीटर. आता जमीन आड येते फक्त पस्तीसेक मीटर. निम्मी. आणि बाई चौथी शिकलेली.

"पाहा, वर चढलो तं निम्मं कमी झालं," म्हणाली आणि हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

उद्या रविवार, पहिल्या बसनं सौंसरला जाऊ म्हणालो.

"मी तं कालच संत्री बांधून ठेवली," गंगा म्हणाली.