आम्हाला कोणी विचारलं नाही, अप्पा

अप्पा, त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या हातची भाकरी खाल्लीत, शेंगाचटणीवर अजून थोडं तेल घाल म्हणालात, आणि मला काही सांगितलं नाहीत. याचा राग मला अजून आहे. मी आता आजी झाले, जुळे सोलापुरात लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते, गुडघे धरून जिना चढते, तरी तो राग गेलेला नाही. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग सोडायचा असतो, असं माझी आई, अव्वा, म्हणायची. तिला जमलं असेल.

पाणीपट्टीच्या कचेरीत मी रोजंदारीवर लागले ती तुमच्याच शब्दावर. तुम्ही तिथले कायम कारकून आणि युनियनचे पुढारी; मी मॅट्रिक झालेली, अक्षर बरं असलेली पोरगी. मागच्या खोलीत आम्ही काहीजणी हातानं बिलं लिहायचो. माझ्या शेजारी बसायची ती मैत्रीण विणकराची लेक, घरात तेलुगू बोलणारी, त्यांच्या घराण्यातली पहिली मॅट्रिक. मग बातमी आली की बिलं आता पुण्याहून कॉम्प्युटरवर छापून येणार. त्यासाठी गावातल्या सगळ्या नळवाल्यांची नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एका चौकटीत एक अक्षर, अशी उतरवून द्यायची होती. ते काम आमच्याकडेच आलं. अख्खा उन्हाळा आम्ही मान मोडून लिहितोय, घामानं कागद खराब होऊ नये म्हणून मनगटाला रुमाल गुंडाळतोय, आणि साहेब येऊन म्हणतात, छान चाललंय. आपल्याच हातानं आपण आपलं काम संपवतोय, हे आमच्यातल्या एकीच्याही ध्यानात आलं नाही. तुमच्या आलं होतं का?

साहेबांनी सगळ्यांना सांभाळून घ्यायचं ठरवलं होतं. मीटिंगला नगरसेवक आले, कॉम्प्युटर कंपनीचा माणूस आला, युनियनतर्फे तुम्ही गेलात. नगरसेवकांना तक्रारीची खिडकी आपापल्या पेठेत हवी होती, ती मिळाली. कंपनीला हातची बिलं लवकर बंद व्हायला हवी होती, तेही ठरलं. तुमचं म्हणणं एकच, एकही कायम माणूस घरी जाता कामा नये. साहेब म्हणाले, मग खर्च कुठंतरी कमी दिसला पाहिजे, रोजंदारीच्या बायका कमी करू. तुम्ही मान डोलावलीत. हे मला मागाहून शिपायानं सांगितलं. चहा द्यायला तो आत होता. मधे एक लाकडी पार्टिशन, आणि त्याच्या पलीकडे आम्ही नावं लिहीत बसलेल्या. सगळे बोलावले गेले म्हणे. आम्ही दहा पावलांवर होतो.

आणि त्याच संध्याकाळची ती भाकरी.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला उभ्याउभ्या सांगितलं की महिनाअखेरीपासून यायचं नाही. आम्ही बाहेर आलो, तर फाटकापाशी कायम लोक तुम्हाला हार घालत होते. मैत्रीण बघत राहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुज्या अप्पांनाच हार घालायलेत की."

घरी आल्यावर मी चुलीपुढून उठले नाही, तिथूनच विचारलं, काल जेवताना तुम्हाला माहीत होतं का.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "तुला ठेवली असती तर लोक म्हनले असते, सोताची पोरगी वाचवली."

"मग बाकीच्यांचं काय?"

"त्या युनियनमदी न्हाईत."

रोजंदारीवाल्यांना युनियनमध्ये घ्यायचं नाही, हे कुणी ठरवलं होतं अप्पा? तुम्हीच. अव्वा कन्नडमध्ये हळूच काहीतरी बोलली, तर तिला गप्प बसवलंत, आणि मला म्हणालात की शाळेत घातली ती बापाला जाब विचारायला नव्हे. शुक्रवार पेठेतले म्हातारे अजून भेटले की कौतुकानं सांगतात, काय स्वच्छ माणूस, पोटच्या पोरीचीही गय केली नाही. ऐकलं की माझं डोकं फिरतं. तुमच्या स्वच्छ नावाची किंमत तुम्ही मोजली नाहीत, आम्ही मोजली. त्यातही मी कमी. मी पुढं परीक्षा देऊन महसूल खात्यात लागले. माझी मैत्रीण विड्या वळायला बसली. रस्त्यात भेटली की हसायची, पोरांच्या शाळेबद्दल बोलायची, बोटं तंबाखूनं पिवळी. तुमच्याबद्दल एक शब्द नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आमच्याही खात्यातलं सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं निघालं. हॉलमध्ये मीटिंग. तलाठी आहेत, त्यांची संघटना आहे, कंपनीचे लोक आहेत, पुढारी आहेत, आणि साहेब विचारतायत, सगळे संबंधित आले ना? रात्रंदिवस माहिती भरणाऱ्या ठेक्यावरच्या पोरी बाहेर व्हरांड्यात बसलेल्या. मी उठून म्हटलं, त्या राहिल्यात. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण इतक्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. पोरी आत आल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हणाली, "काढायचं असलं तर आमच्या तोंडावर सांगा. दुसऱ्याकडनं कळायला नको." सगळ्यांना ठेवता आलं नाही. काहींना तालुक्याच्या केंद्रात काम मिळालं, बाकीच्या गेल्या. पण कधी जायचं ते त्यांच्यासमोर बसून ठरलं, आणि त्यांनी चार गोष्टी सुनावल्या, त्या सगळ्यांना ऐकून घ्याव्या लागल्या. एवढं तुम्हालाही करता आलं असतं. नुसतं दार उघडायचं होतं.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. आणि पोचत असते, तरी पाठवण्याआधी मी पुढचं वाक्य खोडलं असतं. त्या दिवशी हॉलमध्ये बोलायला उभी राहिले तेव्हा मला शेजारी तुम्ही हवे होतात.